पासलीची दिवेलागण

अमृतला तिकडं अमेरिकेत दुसरी मुलगी झाली आणि बारशाला इथून कुणालाच जाता आलं नाही, त्या वर्षीची ही गोष्ट. सन दोन हजार तेवीस. बारशाचे फोटो मोबाईलवर आले, ते त्याच्या बापाने, चिमाजीने, खळ्यावर उभं राहून पाहिले. पासली गावात चिमाजीच्या घरात रेंज यायची नाही. खळ्याच्या वरच्या अंगाला एक जांभळीचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी टेकून मोबाईल धरला तरच काही दिसायचं, काही ऐकू यायचं. मुलाशी बोलायचं म्हणजे चिमाजीला घर सोडून खळ्यावर यावं लागायचं. पावसात डोक्यावर इरलं आणि इरल्याच्या आत मोबाईल, असंही त्याने केलेलं आहे.

त्याची बायको ठकुबाई आदल्या वर्षीच्या डिसेंबरात गेली होती. घरात आता तो एकटा आणि गोठ्यात म्हैस.

ठकुबाईची एक रीत होती. दिवेलागणीला ती भिंतीतल्या देवळीत दिवा लावायची, हात जोडायची आणि घरातली माणसं जिथं कुठं असतील तिथली त्यांची नावं घ्यायची. पुटपुटतच, पण रोज. आधी अश्विनी, भोरात दिलेली मुलगी. मग अश्विनीची राजनंदिनी. मग अमृत, त्याची बायको, त्याची थोरली पोर. शेवटी म्हैस. चिमाजीचं नाव ती घ्यायची नाही. त्याने एकदा चेष्टेने विचारलं होतं, "आमी काय पाप केलं?" तर ती म्हणाली, "तुमी समोरच हायसा की. समोरच्याला काय हाक मारायची?"

नऊ डिसेंबरला चिमाजी गवताचा भारा टाकून आत आला, तेव्हा देवळीत दिवा जळत होता आणि ती भिंतीला टेकून बसली होती. काडेपेटी हातातच होती. नावं घेऊन झाली होती की राहिली होती, ते कुणाला कळायला मार्ग नव्हता. अमृत तिसऱ्या दिवशी येऊन पोचला. तोवर सगळं उरकलं होतं.

तेव्हापासून दिवा चिमाजी लावायचा. नावं मात्र त्याच्या तोंडून निघायची नाहीत. दोन-तीनदा तोंड उघडून बघितलं. रिकाम्या घरात आपलाच आवाज त्याला परक्याचा वाटला. मग त्याने तो नाद सोडला.

दिवाळी झाल्यावर त्याच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. त्यासाठी अश्विनीने त्याला भोरला आणून ठेवलं. काळा चष्मा लावून तो दिवसभर राजनंदिनीच्या खोलीत बसायचा. राजनंदिनी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करायची. वेबसाइट बनवायची. सकाळी लॅपटॉप उघडला की जेवणापर्यंत तिची बोटं थांबायची नाहीत.

"आजोबा, इकडं बघू नका, डोळ्याला ताण पडंल," ती म्हणायची.

"बघत न्हाई. नुस्तं ऐकतुय. कोंबडी दाणं टिपतीया वाटतं."

"या कोंबडीला पगार आहे बरं का."

"मंग अंडी बी देत आसंल."

ती हसली की चिमाजीला बरं वाटायचं. पासलीत त्याच्या बोलण्यावर हसणारा आता एक खालच्या आळीचा गेनबाच उरला होता, आणि गेनबा बोलण्याच्या आधीच हसायचा.

दोन-चार दिवस असे गेल्यावर त्याने मनातलं बाहेर काढलं. ठकुबाईचं वर्षश्राद्ध तिथीप्रमाणे व्हायचं होतंच, ते भावकी आणि अश्विनी मिळून बघणार होती. त्याबद्दल त्याला काही म्हणायचं नव्हतं. त्याला निराळंच हवं होतं. अमृतला तिथी कळायची नाही, पण तारीख कळते. तर त्या तारखेला, ती ज्या वेळेला गेली त्या वेळेला, सगळ्यांनी आपापल्या घरी दिवा लावायचा. आणि सगळ्यांचा लागला हे त्याला पासलीत बसून दिसलं पाहिजे.

"मग व्हिडिओ कॉल करू की सगळे," राजनंदिनी म्हणाली.

"फोन न्हाई. फोनवर निम्मा टाईम 'ऐकू येतंय का, ऐकू येतंय का' यातच जातुया. कुणी बोलायचं न्हाई त्या वक्ताला. नुस्ता दिवा लावायचा. आन् आधीच कुणी उरकून घ्यायचा न्हाई."

राजनंदिनीला ही गोष्ट आवडली. तिने एक पेज करायला घेतलं. त्यात तीन दिवे, तिन्ही विझलेले, आणि खाली नावं: पासली, भोर, अमृत. वेळ झाली की दिवा उघडणार. उघडला की बोट लावायचं. ज्याने लावला त्याच्या नावावरचा दिवा सगळ्यांच्या मोबाईलवर पेटलेला दिसणार. वेळेच्या आधी कुणी बोट लावलंच तर 'अजून वेळ झालेली नाही' एवढीच ओळ येणार.

चिमाजी आणि ठकुबाई दोघंही उतारवयात अक्षरं शिकली होती, गावात साक्षरतेचा वर्ग भरायचा तेव्हा. ठकुबाई पुढं गेली, चिमाजी मागं राहिला. अमृतचं नाव त्याला कितीतरी दिवस लिहिता येत नव्हतं. मधल्या अक्षराचं शेपूट कुठं वळवायचं ते ठकुबाईने चुलीपुढच्या राखेत काढून दाखवलं होतं. आता लॅपटॉपवर ते नाव दिसलं तेव्हा काळ्या चष्म्यातूनही त्याने शेपूट ओळखलं.

"ह्ये आमचं," तो म्हणाला.

मग ती त्याला सांगत सांगत काम करू लागली. तारीख आणि वेळ ठेवायला त्यांच्या कामात एक गोष्ट असते, तिला डेट ऑब्जेक्ट म्हणतात. "तुम्ही डबी समजा," ती म्हणाली. "या डबीत तारीख ठेवली की वेळ पण ठेवावीच लागते. रिकामी ठेवता येत नाही. आपण काही सांगितलं नाही, तर डबी आपल्या मनाचं धरते."

चाचणी म्हणून तिने त्याच दिवशीचे दुपारचे चार बसवले. चार वाजले. दिवा काही उघडेना. चहा झाला, कप विसळून झाले, तेव्हा कुठं तो उघडला.

"तुजी डबी एसटीगत हाय. येती, पर आपल्या टायमाला."

"माझंच चुकलं," राजनंदिनी लॅपटॉपकडे बघत म्हणाली. "मी तास तेवढे बदलले. मिनिटं बदलायची राहिली. मग आधीची होती तीच तिनं तशीच ठेवली."

"म्हंजी सांगायचं ऱ्हायलं, की जुनंच धरून बसती."

"बरोबर."

"गेनबाची सोयरीक दिसती."

मग त्याला खेळच मिळाला. "पंचवीस वाजव बघू," तो म्हणाला. तिने पंचवीस वाजवले. डबी काही बोलली नाही. गुपचूप दुसऱ्या दिवशीचा रात्रीचा एक धरून बसली.

"रागावली न्हाई?"

"नाही. जास्त झालं की पुढच्या दिवसात सरकते. उणे आकडा दिला की मागच्या दिवसात जाते."

"मागं जाती?"

"जाते की."

"किती मागं?"

"कितीही, आजोबा. सांगाल तेवढं."

चिमाजीने लॅपटॉपवरून तोंड फिरवलं. राजनंदिनीच्या लक्षात आलं, पण बोलून गेलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "डबीतली तारीख तेवढी मागं जाते."

"ठावं हाय गं," चिमाजी म्हणाला. "येडा न्हाई मी."

शेवटी खरी वेळ बसवायची पाळी आली.

"आजी किती वाजता गेली?"

"दिवेलागणीला."

"घड्याळात किती?"

"घड्याळ कुनी बघितलं? दिवेलागणीला."

"साडेसहा धरू? डिसेंबरात तेव्हाच अंधारून येतं."

"धर."

तिची बोटं थांबली. "आणि अमृतमामाकडं? तिकडं काय धरायचं?"

"त्येच. दिवेलागण ती दिवेलागण. तिथं काय निराळी आसती व्हय?"

आपल्याकडे दिवस असतो तेव्हा अमृतकडे रात्र असते, हे चिमाजीला ठाऊक नव्हतं असं नाही. अमृतचा फोन यायचा तेव्हा तो दर वेळी विचारायचा, "जेवलास का झोपाया चाललास?" पण दिवेलागण म्हणजे त्याच्या मनात घड्याळातला एखादा तुकडा नव्हता. ती ठकुबाईची होती, पासलीतल्या देवळीतली. ती एकदाच होते आणि सगळ्यांची मिळून होते, असं त्याने धरलेलं. ते सांगायला हवं असं त्याला वाटलंच नाही.

राजनंदिनीने त्याचं म्हणणं ऐकलं आणि तिच्या मनात दुसरंच चित्र उभं राहिलं. आधी पासलीत अंधारणार, इथं दिवे लागणार, मग तो अंधार पुढं पुढं सरकत अमृतमामाच्या गावी पोचणार आणि तिथला दिवा लागणार. आजोबांना किती सुंदर सुचलं, असं तिला वाटलं. तिने तास बसवले, मिनिटं बसवली, सेकंदही शून्य करून टाकले. जागा, म्हणजे कुठल्या गावचे साडेसहा, ते मात्र सांगितलं नाही. लॅपटॉप मिटला, तरी डबी काही बोलली नाही.

डोळा बरा झाल्यावर चिमाजी पासलीला परतला. अश्विनी म्हणत होती, "आबा, नऊ तारखेला मी येते. एकटे कशाला बसताय?" त्याने तिला येऊ दिलं नाही. "दिवा आपापल्या घरात लावायचा आसतुया. तू तुज्या घरात लाव."

नऊ तारखेला शनिवार होता. चिमाजीने दुपारीच देवळी सारवली. नवी वात वळली, तेल घातलं. मढे घाटाच्या बाजूला ऊन उतरलं आणि खाचरांवर गारठा पडायला लागला, तसा त्याने दिवा लावला आणि दार सताड उघडं टाकून खळ्यावर गेला. जांभळीखालून दारातला उजेड दिसत होता. अंगावर घोंगडी, हातात मोबाईल.

दिवा उघडला. त्याने बोट लावलं. पासलीवरचा दिवा पेटला. नाव वाचून होतं न होतं तोच भोरचा पेटला. लागली की ही दिवेलागण, त्याने मनात म्हटलं, लागली.

तिसऱ्या दिव्याकडे बघत तो उभा राहिला.

उभं राहून पाय भरून आले तेव्हा पेंढ्याच्या उडवीला टेकला. मोबाईलचा पडदा काळा झाला की तो अंगठ्याने जागा करायचा. अमृतच्या नावावरची वात तशीच काळी.

गेनबा म्हैस हाकत वरनं आला. "काय रं चिमा, थंडीचा हितं काय करतुयास? पेंढ्याला राखण बसलास व्हय?"

"रेंज बघतुय."

"बघ, बघ. माजं पोरगं पुण्यात हाय, त्येची बी रेंज मला येत न्हाई. तुजं तर साता समुद्रापल्याड." गेनबा आपणच हसला आणि गेला. म्हशीच्या गळ्यातली घंटा खालच्या आळीपर्यंत ऐकू येत राहिली, मग तीही बंद झाली.

दारातला उजेड लहान झाला होता. तेल संपत आलं असावं. घालायला हवं होतं, पण घरात गेलं तर रेंज जाणार आणि नेमका त्याच वेळी तिकडचा दिवा लागला तर? म्हणून तो हलला नाही. दारातला उजेड विझला तेव्हा तो उठला आणि अंधारात चाचपडत घरात आला. जेवला नाही.

सकाळी म्हशीला पेंढा आणायला तो खळ्यावर गेला. मोबाईल बंडीच्या खिशातच राहिला होता. जांभळीखाली पोचताच रेंज लागून मोबाईल थरथरला. काढून बघितलं. अमृतचा दिवा पेटला होता.

चिमाजी पेंढ्याची पेंडी हातात धरून तसाच उभा राहिला. एवढा वेळ त्याने मनाची समजूत घातली होती, की मोबाईल बंद पडला असेल, तिकडं रेंज नसेल, पोर आजारी असेल. आता दिवा समोर होता. म्हणजे मोबाईल चालू होता, रेंज होती. विसरला होता, एवढाच त्याचा अर्थ. अश्विनीने रात्रीत आठवण करून दिली असणार आणि मग आत्ता बोट लावून मोकळा झाला. आईच्या दिव्याला शिळा दिवा.

त्याने कुणाला काही म्हटलं नाही. भांडला असता तर गोष्ट त्याच दिवशी मिटली असती, पण चिमाजी भांडणारा माणूस नव्हता. मुलगा आईला विसरला, हे तोंडाने म्हणायचीच त्याला लाज वाटली. त्याने मोबाईल फडताळात ठेवून दिला, ठकुबाईच्या दोन लुगड्यांखाली. चार्ज करणं सोडलं.

जानेवारीत अश्विनी तिळगूळ घेऊन आली. "आबा, तुमचा फोन लागत नाही म्हणतोय अमृत. माझा पण लागत नाही."

"रेंज गेलीया."

"सगळ्या गावाला आहे की रेंज. गेनबाकाका आत्ता बोलत होते फोनवर."

"त्येचं नशीब," चिमाजी म्हणाला आणि गोठ्यात गेला.

अश्विनीला वाटलं, आईच्या आठवणीने आबा खचलेत. ती रडली, भाकरी करून ठेवली आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. पुढचे महिने कसे गेले ते सांगण्यासारखं काही नाही. म्हैस, शेण, गवत, भाताच्या रोपासाठी राब भाजणं. देवळीत दिवा तो लावायचा, पण आता दिव्यापुढं थांबायचा नाही. लावला की बाहेर. कधी कधी दुपारी झोप लागायची आणि जागं झाल्यावर खळ्याकडनं कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटायचं. बाहेर येऊन बघायचा. खळ्यावर कावळे.

मे महिन्यात राजनंदिनी स्कूटरवरून एकटीच आली. पाठीवर लॅपटॉपची पिशवी. चेहरा घामाने आणि धुळीने भरलेला. गेनबा ओट्यावरच बसला होता.

"आली बघ तुजी पगारी कोंबडी," तो म्हणाला. चिमाजीने ती चेष्टा कधीतरी त्याला सांगितली होती.

राजनंदिनी हसली नाही. पाणी प्यायली, चिमाजीपुढं बसली आणि म्हणाली, "आजोबा, मामाचा काल फोन आला होता. रडत होता. म्हणाला, माझं काय चुकलं ते तरी सांगा."

चिमाजी म्हणाला, "त्येला इचार, आईचा दिवा दुसऱ्या दिशी लावत्यात का?"

"दुसऱ्या दिवशी नाही लावला त्यानं."

"म्या बघितलंया. सकाळच्याला लागला. रविवारी."

"इथला रविवार. त्याच्याकडं शनिवारची संध्याकाळ होती." तिने ओढणीने तोंड पुसलं. "ऐका माझं. मामा त्या दिवशी सकाळी उठून अंघोळ करून दिव्यापुढं बसला होता. त्यानं बरोबर धरलं होतं, पासलीत आता दिवेलागण असणार म्हणून. त्यानं बोट लावलं. दिवा लागेना. परत लावलं. 'अजून वेळ झालेली नाही,' एवढंच येत राहिलं."

चिमाजीने मान वर केली.

"त्याला वाटलं, तुम्हीच तसं ठरवलंय. फोन करायचा नाही, बोलायचं नाही, आधी लावायचा नाही, हे तुम्ही बजावलेलं. मग तो दिवसभर घरातच थांबला. मामी सांगत होती, कुठं बाहेर गेला नाही, नीट जेवला पण नाही. तिकडं साडेसहा वाजले, दिवा उघडला, तेव्हा त्यानं लावला. तेव्हा इथं उजाडलं होतं."

"पर उघडला का न्हाई सकाळी?"

"मी जागा सांगितली नव्हती. तास सांगितले, मिनिटं सांगितली. कुठले साडेसहा, ते सांगितलं नाही. मग ज्याच्या हातात मोबाईल, त्याच्या गावचे साडेसहा धरले. चूक माझी आहे, आजोबा. मला वाटलं, तुम्हाला तसंच पाहिजे होतं. ज्याची त्याची दिवेलागण."

"तू इचारलं हुतंस," चिमाजी म्हणाला. "म्याच म्हनलं, तिथं काय निराळी आसती व्हय."

गेनबा मध्येच म्हणाला, "म्हंजी चुकलं कुनाचं?"

"तू घरी जा," चिमाजी म्हणाला.

"चाललोय, चाललोय. चहा झाला की जातो."

चिमाजी उठला. फडताळातून लुगडी बाजूला केली आणि मोबाईल काढला. तो कधीचाच बंद पडला होता. राजनंदिनीने त्याला चार्जर लावला. मग दोघं खळ्यावर गेली. जांभळीच्या सावलीत लॅपटॉप मांडीवर घेऊन तिने ती डबी परत उघडली. चिमाजी शेजारी उकिडवा बसून बघत होता. आता त्याला काळा चष्मा नव्हता.

"ही तारीख. पुढच्या डिसेंबरची नऊ. हे तास. ही मिनिटं. आणि आता हे बघा, जागा. इथली वेळ सांगितली. आता कुणी जगात कुठंही असू दे, पासलीत दिवेलागण झाली की त्याचा दिवा उघडणार. त्याच्याकडं सकाळ असली तरी."

"तिथं उजेड आसंल."

"असू दे की. उजेडातपण दिवा लागतो."

चिमाजी बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिला. अक्षरं इंग्रजी होती, त्याला एकही येत नव्हतं.

"मागल्या सालचं ह्यात बसवता येतंय का?" त्याने विचारलं. विचारतानाच उत्तर त्याला ठाऊक होतं. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

राजनंदिनीने मोबाईल पुढं केला. "मामाला लावू का आत्ता? आत्ता तिकडं पहाट असेल. उठेल तो, काही म्हणणार नाही."

"नगं. झोपू दे. तान्हं पोर हाय घरात. त्येची सकाळ होऊ दे."

त्याची सकाळ व्हायची म्हणजे इथली संध्याकाळ. त्या दिवशी दोघंही दिवेलागणीची वाट बघत थांबली. राजनंदिनीने पिठलं केलं. चिमाजीने काही गरज नसताना म्हैस धुतली. ऊन घाटाकडे उतरलं तसा त्याने देवळीत दिवा लावला आणि खळ्यावर गेला. राजनंदिनीने नंबर लावून मोबाईल त्याच्या हातात दिला आणि आपण पेंढ्यापलीकडे जाऊन उभी राहिली.

"हॅलो? आबा?"

"व्हय."

"आबा, ऐकू येतंय का?"

"येतंय."

तिकडं लहान मूल कुरकुरत होतं.

"ऊन पडलंय का रं तिथं?"

"पडलंय. आठ वाजून गेलेत, आबा."

"हितं आत्ता दिवा लावला."

"आबा, मी त्या दिवशी…"

"कळलं. राजनंदिनीनं सांगितलं समदं." चिमाजीला पुष्कळ बोलायचं होतं. दिवसभर पोटात साठवलेलं होतं. तो एवढंच म्हणाला, "दिसभर उपाशी बसू नये रं."

मग अमृत म्हणाला, "डिसेंबरात येतो. नऊ तारखेला तिथंच असेन, तुमच्यापाशी."

"ये. ये की. पर न्हाई जमलं तर तिथनंच लाव. येकाच टायमाला लागला म्हंजी झालं."

फोन ठेवल्यावरही तो मोबाईल कानाला लावून उभा होता. राजनंदिनीने पेंढ्यापलीकडून बघितलं, आजोबांचे ओठ हलत होते. तिला वाटलं, अजून बोलणं चाललंय. ती जवळ आली तेव्हा तिला ऐकू आलं. तो नावं घेत होता. अश्विनी, राजनंदिनी, अमृत. मग अमृतच्या बायकोचं, दोन्ही पोरींचं. शेवटी म्हैस. ठकुबाईचंही नाव त्याने घेतलं, कारण ती समोर नव्हती.

त्यानंतर पाऊस लागला, लावणी झाली. चिमाजी दर रविवारी दिवेलागणीला खळ्यावर जायचा आणि अमृतच्या सकाळीशी चार शब्द बोलून यायचा. अमृतने डिसेंबरची तिकिटं काढली होती. दिवाळी झाली, भात कापून खळ्यावर आलं. अमृत ठरल्यापेक्षा आधीच आला, नोव्हेंबरात, आणि तेरावं करून परत गेला.

नऊ डिसेंबरला, सोमवारी, पासलीत दिवेलागण झाली तेव्हा त्याच्याकडे सकाळ होती. भोरचा आणि अमृतचा दिवा एकदम लागला, मध्ये डोळ्याची पापणी लवण्याइतकंही अंतर पडलं नाही. पासलीवरचा दिवा काळाच राहिला.

चिमाजी त्याआधी, गुरुवारी, सात नोव्हेंबर दोन हजार चोवीस रोजी, भात झोडता झोडता खळ्यावर वारला. जवळ कुणी नव्हतं, त्यामुळे वेळ कुणाला सांगता आली नाही. गेनबा म्हैस घेऊन वरनं आला आणि त्याला चिमाजी पडलेला दिसला, तेव्हा दिवेलागण अजून व्हायची होती.